ओटीपी, ऑथेंटिकेटर, पासकी की किल्ली: खात्याला दुसरं कुलूप कोणतं लावावं?

पासवर्ड कितीही लांबलचक ठेवा, तो दोन वाटांनी फुटतोच. एक तर ज्या साइटवर तो वापरता तिचाच डेटा चोरीला जातो, नाही तर घाईगडबडीत तुम्ही स्वतःच तो खोट्या पानावर टाइप करता. म्हणून दुसरं कुलूप लागतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ उघडलं की साधारण चार पर्याय समोर येतात: एसएमएसवर येणारा ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड, पासकी आणि यूएसबीत खोचायची सिक्युरिटी की. (‘की’ हे मराठीत उभयान्वयी अव्यय, वाचताना घोटाळा होतो, इथून पुढे तिला सरळ किल्ली म्हणू.)

बहुतेक जण विचारतात, यातलं सगळ्यात भक्कम कोणतं? तेवढ्याने निवड होत नाही. दोन गोष्टी एकदम तपासाव्या लागतात. तुम्ही खोट्या पानावर फसलात तरी हे कुलूप तग धरतं का? आणि उद्या फोन हरवला तर तुम्ही स्वतः आत कसे शिराल? दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं आणि माणसं स्वतःच्याच खात्याबाहेर कायमची अडकतात.

एसएमएस: कुलूप तुमचं, चावी टेलिकॉम कंपनीकडे

ओटीपी तुमच्या फोनवर येत नाही, तुमच्या नंबरवर येतो. नंबर कोणत्या सिमवर चालेल हे टेलिकॉम कंपनी ठरवते. कोणी तुमच्या नावाने कस्टमर केअरला पटवलं किंवा आतल्या माणसाला हाताशी धरलं, तर नवं सिम सुरू होतं, तुमच्या फोनवरची रेंज जाते आणि पुढचे सगळे ओटीपी चोराकडे जातात. यालाच सिम स्वॅप म्हणतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच खात्यावरून भलतेसलते मजकूर प्रसिद्ध झाले, ते त्यांचा नंबर असा पळवला गेल्यामुळे. दुसरी वाट एसएस७ची. मोबाइल नेटवर्क एकमेकांशी बोलतात ती ही १९७०च्या दशकातली यंत्रणा. समोरचं नेटवर्क खरं बोलतंय हे गृहीत धरूनच ती बांधली आहे. २०१७मध्ये जर्मनीत याच फटीतून ओटीपी वळवून बँक खाती रिकामी केली गेली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने त्याच वर्षी एसएमएस कोडला ‘मर्यादित’ वर्गात टाकलं, म्हणजे धोका ओळखूनच वापरायचा.

तरीही एसएमएस म्हणजे शून्य, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. गूगलने २०१९मध्ये आपल्या खात्यांवरचे आकडे जाहीर केले. त्यात एसएमएस कोडने स्वयंचलित बॉटचे १०० टक्के हल्ले रोखले, घाऊक फिशिंगचे (खोट्या पानाकडे नेणाऱ्या मेल-मेसेजचे) ९६ टक्के, आणि नेमक्या एका माणसावर नेम धरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्के. काहीच न लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरा पर्याय नसेलच, तर दोन-तीन गोष्टी करून ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर टेबलावर पडलेला फोन ओटीपी वाचून दाखवतो. सिमला पिन लावा; चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालणार नाही. पिन तीनदा चुकला की पीयूके कोड मागितला जातो, तोही दहादा चुकला की सिम कायमचं बाद, त्यामुळे पीयूके आधीच लिहून ठेवा. मात्र सिम पिनचा सिम स्वॅपशी काही संबंध नाही, तिथे सिम नवंच असतं. त्यासाठी टेलिकॉम कंपनीच्या खात्याला वेगळा पिन लावायची सोय आहे का ते पाहा.

ऑथेंटिकेटर: बिनइंटरनेटचा कोड

सेटअप करताना जो क्यूआर कोड दिसतो, त्यात एक गुप्त अक्षरमाला असते. ती एकदा तुमच्या ॲपमध्ये जाते आणि एक प्रत सर्व्हरकडे राहते. पुढे दोघेही ती अक्षरमाला आणि सध्याची वेळ यांवरून एकच गणित करतात आणि दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे काढतात. ही पद्धत २०११मध्ये आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. कोड कुठूनही ‘येत’ नाही, तो फोनमध्येच तयार होतो. म्हणून विमानात, परदेशात, सिम नसतानाही चालतो, आणि सिम स्वॅपने त्याला काहीही होत नाही.

‘कोड चुकीचा आहे’ असं वारंवार येत असेल तर बहुधा घड्याळ बिघडलेलं असतं. फोनची वेळ हाताने लावलेली असते आणि ती मिनिटभर पुढे-मागे सरकलेली असते. सर्व्हर साधारण एक खिडकी, म्हणजे ३० सेकंद, इकडेतिकडे चालवून घेतो, त्यापलीकडे नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर टाकली की बहुतेक वेळा काम होतं.

आता पहिला प्रश्न, खोट्या पानाचा. इथे ऑथेंटिकेटर हरतो, आणि कसा हरतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मेलमधल्या लिंकवरून उघडलेलं पान हुबेहूब खऱ्यासारखं असतं, कारण त्यामागे खरंच खरी साइट असते. चोराचा सर्व्हर मध्ये बसून दोन्हीकडचं इकडून तिकडे देत असतो. तुम्ही पासवर्ड टाकता, तो लगेच खऱ्या साइटला पोचतो. खरी साइट कोड मागते, खोटं पान तुम्हाला तोच प्रश्न दाखवतं. तुम्ही कोड टाकता तेव्हा समजा १८ सेकंद उरलेत. यंत्राला दोनही पुरतात. खरी साइट लॉगिनचं कुकी (‘हा आत आलेला माणूस’ अशी ओळख पटवणारी छोटी नोंद) देते, ते चोराकडे राहतं, आणि तुम्हाला तुमचा इनबॉक्स उघडलेला दिसतो. काही बिघडलं असं वाटायलाच जागा नाही. एसएमएसचा ओटीपीही अगदी असाच जातो. जो आकडा माणूस वाचून टाइप करू शकतो, तो माणसाकडून काढूनही घेता येतो.

दुसरा प्रश्न, फोन हरवण्याचा. इथे ॲपची निवड महत्त्वाची. अँड्रॉइडवरचं एजिस हे ॲप कूटबद्ध फाइल बाहेर काढू देतं. ती पेनड्राइव्हवर ठेवता येते. एंटे ऑथ अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं आणि एंड-टू-एंड कूटबद्ध (म्हणजे ॲपच्या कंपनीलाही न वाचता येणारं) सिंक देतं. गूगल ऑथेंटिकेटरला क्लाउड सिंक एप्रिल २०२३मध्ये मिळालं, पण सुरुवातीला ते एंड-टू-एंड कूटबद्ध नव्हतं. ऑथी या ॲपचा अनुभव धडा म्हणून लक्षात ठेवावा: त्यातून अक्षरमाला बाहेर काढताच येत नाहीत, आणि मार्च २०२४मध्ये डेस्कटॉप ॲप बंद झालं तेव्हा दुसऱ्या ॲपवर जाऊ पाहणाऱ्यांना एकेका खात्यात शिरून सेटअप नव्याने करावा लागला. ॲप घेण्याआधी ‘एक्स्पोर्ट’ हा पर्याय शोधा. सापडला नाही तर ते ॲप घेऊ नका.

एक साधी युक्ती: तोच क्यूआर एकाच वेळी दोन उपकरणांवर स्कॅन करता येतो. जुना फोन किंवा टॅबलेट घरी पडून असेल तर त्यावरही स्कॅन करा आणि दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसतायत ना, ते ताडून पाहा. क्यूआरचा स्क्रीनशॉट मात्र गॅलरीत ठेवू नका. गॅलरी क्लाउडवर जाते आणि तुमची गुप्त अक्षरमालाही तिच्याबरोबर जाते.

स्क्रीनवर ‘हे तुम्हीच का? होय / नाही’ असं विचारणारी सूचना हा ऑथेंटिकेटरचा चुलतभाऊ. टाइप करायचं काही नसतं म्हणून सोयीची, पण चोर मध्यरात्री पन्नास सूचना धाडतो आणि कंटाळून कोणीतरी ‘होय’ दाबतं. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या यंत्रणेत शिरकाव झाला तो एका कंत्राटी कर्मचाऱ्याला असंच भंडावून सोडून. स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये जुळवायला लावणारी सूचना असेल तरच वापरा.

पासकी: टाइप करायला काहीच नाही

पासकीत दोन डिजिटल किल्ल्यांची जोडी असते (यूएसबीतली किल्ली वेगळी). खासगी किल्ली तुमच्या फोनमध्ये किंवा संगणकात, सार्वजनिक किल्ली साइटकडे. लॉगिनच्या वेळी साइट एक कोडं धाडते, फोन तुमचं बोट किंवा चेहरा तपासून त्यावर खासगी किल्लीने सही करतो. साइटचा डेटा चोरीला गेला तरी चोराच्या हाती फक्त सार्वजनिक किल्ली लागते, आणि तिचा त्याला उपयोग नाही.

खरी मेख पुढे आहे. पासकी ज्या डोमेनसाठी, म्हणजे साइटच्या ज्या पत्त्यासाठी, बनली तिथेच चालते, आणि डोमेन कोणतं हे ब्राउझर पाहतो, तुम्ही नाही. नावातल्या ‘एल’च्या जागी ‘एक’चा आकडा घातलेला तुमच्या डोळ्याला दिसणार नाही, ब्राउझरच्या लेखी ती परकी साइट. तो पासकी पुढे करतच नाही. म्हणजे वर सांगितलेला मधला सर्व्हर इथे निरुपयोगी. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२मध्ये मिळून याला पाठिंबा जाहीर केला, तेव्हापासून हा प्रकार सर्रास दिसू लागला.

फोन हरवला तरी पासकी सहसा हरवत नाही, कारण ती आयक्लाउड कीचेन, गूगल पासवर्ड मॅनेजर किंवा बिटवॉर्डनसारख्या ॲपमधून सिंक होते. पण याच सोयीत कच्चे दुवेही आहेत. फोनचा पिन ज्याला माहीत, त्याला पासकी खुली. चार आकडी पिन असेल तर आजच सहा आकडी किंवा अक्षरी करा. शिवाय सगळ्या पासकी एका क्लाउड खात्याच्या आधाराने राहतात, तेव्हा त्या एका खात्याला सगळ्यात जाड कुलूप हवं. आणि बऱ्याच साइट पासकी घेतल्यावरही जुना पासवर्ड आणि एसएमएस चालूच ठेवतात. पुढच्या दाराला पोलादी कुलूप, मागचं दार नुसतं लोटलेलं.

दुसऱ्याच्या संगणकावर फोनमधली पासकी वापरायची तर क्यूआर स्कॅन करावा लागतो आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं. फोन खरोखर जवळ आहे याची ती खातरजमा. ऑफिसच्या संगणकावर ब्लूटूथ बंद केलेलं असेल तर हे अडतं. मग यूएसबीची किल्ली बरी.

किल्ली: सगळ्यात भक्कम, सगळ्यात जबाबदारीची

तत्त्व पासकीचंच, फक्त खासगी किल्ली एका चिपमध्ये बंद आणि तिची प्रत निघत नाही. गूगलने २०१७च्या सुरुवातीपासून ८५,०००हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या वापरायला लावल्या. त्यानंतर फिशिंगने एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं गेलं नाही, असं कंपनीने २०१८मध्ये सांगितलं. २०२२मध्ये तर शेजारीशेजारी ठेवून पाहावा असा दाखला मिळाला. ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास एकाच सुमारास खोट्या लॉगिन पानांचे एसएमएस गेले. दोन्हीकडे काहींनी पासवर्ड टाकले. ट्विलिओत चोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरमध्ये किल्लीची सक्ती होती, तिथे ते दाराशीच थांबले.

घ्यायच्या तर दोन घ्या. प्रत निघत नसल्यामुळे प्रत्येक खात्यात दोन्ही वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. एक जवळ, दुसरी घराबाहेर कुठेतरी. ॲपल खात्यात तर दोनपेक्षा कमी किल्ल्या चालतच नाहीत. फोनसाठी एनएफसी (फोनला नुसती टेकवून चालवायची सोय) आहे का ते बघा. किल्लीचा पिन आठ वेळा चुकला की ती बंद होते. मग रीसेट करावी लागते आणि आतल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. युबिकी या कंपनीच्या किल्ल्यांच्या ५ मालिकेत फर्मवेअर (किल्लीतलं अंगभूत सॉफ्टवेअर) ५.७च्या आधी २५ पासकी मावत, त्यानंतर १००. आणि तिचं फर्मवेअर नंतर बदलता येत नाही, म्हणून जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

यातला कोणताही पर्याय संगणकात शिरलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरपुढे पुरत नाही. ते लॉगिन झाल्यानंतरचं कुकीच उचलतं. तशी शंका आली तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आधी ‘सगळीकडून साइन आउट’ दाबा.

तर कोणी काय निवडावं

साधा वापर असेल, एकाच कंपनीची उपकरणं असतील, तर पासकी. आयफोन आणि विंडोज असं मिश्रण असेल तर पासकी वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. जिथे पासकी मिळत नाही तिथे एक्स्पोर्ट होणारं ऑथेंटिकेटर. पत्रकार, वकील, हिशेब सांभाळणारे, साइटचे ॲडमिन, यांनी दोन किल्ल्यांचा खर्च करावाच. घरातल्या वयस्कर माणसांसाठी मात्र किल्लीचा आग्रह धरू नका. फोनवरची पासकी त्यांना बोट ठेवण्याइतकी सोपी पडते, आणि फोनवर कोणी गोड बोलून कोड विचारला तरी सांगायला कोडच नसतो.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथेच येते. आधी बॅकअप कोड काढा. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. ते कागदावर लिहा; मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवले तर पेटीची चावी पेटीतच. मग पासकी किंवा दोन्ही किल्ल्या नोंदवा. सगळ्यात शेवटी मोबाइल नंबर दुसऱ्या कुलपातून आणि रिकव्हरीतूनही काढा. हा क्रम उलटा केला तर अडकाल.

मग फोन बंद करून बाजूला ठेवा, दुसऱ्या संगणकावर प्रायव्हेट विंडो उघडा आणि फक्त त्या कागदाच्या किंवा दुसऱ्या किल्लीच्या जोरावर आत जाऊन दाखवा. नाही जमलं तर नंबर परत जोडा आणि कुठे अडलं ते आजच शोधा, फोन अजून हातात आहे तोवर.