एका डब्यात पाच कॉम्प्युटर: जुना थिंकसेंटर टायनी आणि प्रॉक्समॉक्स, गावातल्या घरातून

आमचं गाव आर्वी तालुक्यात. घरची शेती कापूस-सोयाबीनची, आणि माझी नोकरी नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, घरूनच. काम टेस्टिंगचं. एकच प्रोग्रॅम विंडोज १०, विंडोज ११, उबुंटू आणि डेबियनवर चालवायचा, मुद्दाम बिघडवायचा, सगळं पहिल्यासारखं करायचं आणि पुन्हा बिघडवायचा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष हे सगळं लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये केलं. हा प्रोग्रॅम एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरचे वेगळे कॉम्प्युटर उभे करतो, त्यांना व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन म्हणतात. रॅम ८ जीबी. दोन व्हीएम एकदम उघडल्या की माउसची खूणसुद्धा जागची हलत नसे. म्हणून व्हीएमसाठी वेगळं मशीन घ्यायचं ठरवलं. शहरातले लोक प्रोसेसरचे कोअर किती, स्पीड किती ते आधी विचारतात. इथे आधी लाइन बघावी लागते, मग ऊन, मग धूळ.

पहिली खरेदी मी कोअर बघून केली आणि ती चुकली. एका कंपनीतून निघालेला जुना रॅक सर्व्हर, दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, २२ हजार रुपये. किमतीच्या मानाने ताकद भरपूर होती. पण चालू केला की पंख्यांचा आवाज ओसरीपर्यंत. सासरे उठून आत आले, म्हणाले, "पोरी, थ्रेशर घरात आनलं का वं?" आवाजाचं एक वेळ चाललं असतं, विजेचं नाही. प्लगला मीटर लावून पाहिलं तर एकही व्हीएम चालू नसताना १४० वॅट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला १०० युनिट नुसते त्या एका मशीनचे. आमचं अख्खं घर तेव्हा ऐंशी-नव्वद युनिटांत बसायचं. शंभराच्या पुढे महावितरणचा दर चढतो, त्यामुळे बिल दुपटीच्याही वर गेलं. शिवाय लाइन गेली की इन्व्हर्टरची बॅटरी पंख्यांसकट तीन-चार तासांत बसायची. दोन महिन्यांत तो विकला.

मग २०२४ च्या जूनमध्ये नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानातून लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू आणला. १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट १५,५०० रुपये. साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद, साडेतीन सेंटिमीटर जाड. मिठाईचा अर्धा किलोचा डबा समजा. आत इंटेलचा आय५-८५००टी, २०१८ चा प्रोसेसर, सहा कोअर. शेवटचा 'टी' महत्त्वाचा. तो कमी वीज खाणाऱ्या जातीचा, ३५ वॅटचा आहे. माझ्या मीटरवर तीन व्हीएम नुसत्या चालू असताना १४ ते १६ वॅट दिसतात, कामाला लागला की ४५ पर्यंत जातो. महिन्याला ११-१२ युनिट.

दुकानात पैसे देण्याआधी एक गोष्ट जरूर करा. मशीन चालू करून एफ१ दाबा आणि बायोस, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगची पानं, उघडा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिलेला असेल तर ते मशीन तसंच ठेवून या. पासवर्ड नसेल तर व्हर्च्युअलायझेशन आणि व्हीटी-डी हे व्हीएमच्या कामाचे दोन्ही पर्याय चालू होतात का ते बघा. आणि पॉवरच्या पानावर 'आफ्टर पॉवर लॉस' शोधून 'पॉवर ऑन' करा, म्हणजे गेलेली लाइन परत आली की मशीन आपोआप चालू होतं. गावात राहणाऱ्यासाठी या मशीनमधली सगळ्यात मोलाची सोय माझ्या मते हीच.

रॅमबद्दल हात आखडू नका. कोअर व्हीएममध्ये वाटून घेता येतात. सहा कोअरवर दहा वाटले तरी काम निभतं, कारण सगळ्या व्हीएम एकाच वेळी राबत नसतात. रॅमचं तसं नाही. विंडोज ११ ला चार जीबी दिले तर ते रडतखडत चालतं, मी आठ देते. म्हणून महिनाभरातच १६ चे ३२ जीबी करून घेतले. तळाचं झाकण सरकवलं की रॅमच्या दोन्ही जागा आणि एम.२ एसएसडी समोर येते. उणीव सांगायची तर एम.२ ची जागा एकच, अडीच इंची डिस्कची एकच आणि लॅनचं पोर्टही एकच. मला पुरतं. ज्याला दोन-तीन मोठ्या डिस्क जोडायच्या आहेत त्याने टॉवरच घ्यावा.

एन१०० प्रोसेसरचे नवे मिनी पीसी आणखी कमी वीज घेतात, पण त्यात चारच कोअर आणि इंटेल स्वतः १६ जीबीपर्यंतच रॅम सांगते. तीन विंडोज व्हीएमचं ते काम नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर वेगळ्या, एआरएम जातीचा, नेहमीचं विंडोज त्यावर धड चालत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय सोपा झाला. आमच्या ऑफिसात सगळे व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय वापरायचे, मशीनवर थेट बसून व्हीएम चालवणारी सिस्टिम. पण ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय बंद केलं. ते एप्रिल २०२५ मध्ये परत आलं, तोवर माझं घर दुसरीकडे थाटून झालं होतं. मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही चांगलं आहे, पण त्यासाठी विंडोजचं प्रो लागतं, होममध्ये ते नसतं, आणि खाली अख्खं विंडोज आपली रॅम खात बसतं.

मी प्रॉक्समॉक्स टाकलं, तीही व्हीएम चालवण्यासाठीच बनवलेली सिस्टिम. व्हिएन्नाच्या कंपनीचं आहे, पाया डेबियनचा, फुकट वापरता येतं. मशीनला पडदा-कीबोर्ड लागत नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, पुढे ८००६ पोर्ट, आणि सगळा कारभार समोर. लॉगिन करताच सबस्क्रिप्शन नसल्याची सूचना येते, ती बाजूला सारायची. अपडेट मात्र सुरुवातीला अडतं, कारण अपडेट जिथून येतात तो आतला पत्ता पैसे भरणाऱ्यांचा असतो. तो बदलून 'नो-सबस्क्रिप्शन' करावा लागतो. व्हर्शन ८ वरून ९ वर मी मागच्या दिवाळीत गेले, काही तुटलं नाही.

पहिली विंडोज व्हीएम करताना मात्र मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. इन्स्टॉल सुरू झालं, भाषा निवडली, आणि 'डिस्क कुठे टाकू' विचारणाऱ्या पानावर यादी कोरी. डिस्क दिलेली होती, साठ जीबीची. तीनदा व्हीएम पुसून नव्याने केली. मग कळलं की मी दिलेली डिस्क व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या वेगवान प्रकारची होती आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय ती विंडोजला ओळखूच येत नाही. व्हर्टआयओची वेगळी आयएसओ फाइल दुसऱ्या सीडीसारखी जोडायची, त्याच पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, आपल्या विंडोजचं फोल्डर निवडायचं. पुढच्या क्षणी साठ जीबी यादीत. नवीन माणूस हमखास इथेच अडतो.

आता स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, माझ्या रोजच्या कामाचा प्राण आहे. टेस्टच्या आधी एक क्लिक, व्हीएमचं वाटोळं झालं की 'रोलबॅक', अर्ध्या मिनिटात व्हीएम सकाळसारखी. डिस्क मांडायच्या पद्धतींपैकी झेडएफएस मी मुद्दाम घेतलं नाही. साध्या एसएसडीवर त्याचं लिहिणं फार होतं. एलव्हीएम-थिन या दुसऱ्या पद्धतीवर स्नॅपशॉट मिळतातच.

आता लाइनचं. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चा खटका असतो, तो आमच्याकडे कुणी कधी हलवलाच नव्हता. साध्या मोडमध्ये लाइन जाताना जो क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होतो. पहिल्याच आठवड्यात त्यापायी एक उबुंटू व्हीएम मेली. खटका बदलला, पण बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर मशीनला सांगू शकत नाही. म्हणून मध्ये यूएसबी केबलचा छोटा यूपीएस टाकला आणि प्रॉक्समॉक्सवर यूपीएसवर नजर ठेवणारा नट हा प्रोग्रॅम. इन्व्हर्टर बसला की भार यूपीएसवर येतो, त्याचीही बॅटरी उतरली की नट मशीनला बंद व्हायला सांगतो, मग प्रॉक्समॉक्स आधी व्हीएम नीट बंद करतं आणि शेवटी मशीन. त्यासाठी प्रत्येक व्हीएममध्ये गेस्ट एजंट, म्हणजे प्रॉक्समॉक्सचा निरोप आत ऐकणारा छोटा प्रोग्रॅम, टाकलेला बरा. यात एक खाच आहे. मशीन बंद झालं, पण यूपीएसमध्ये थोडा जीव बाकी असताना लाइन परत आली, तर वीज गेली होती हे मशीनला कळतच नाही आणि ते बंदच राहतं. नटला शेवटी यूपीएसचं आउटपुटही तोडायला सांगावं लागतं. माझा यूपीएस तो हुकूम पाळतो; घेण्याआधी तेवढं विचारून घ्या.

मागच्या पावसाळ्यात वादळात डीपी जळाली, मी माहेरी होते. लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फोनवर टेलस्केल (बाहेरून घरच्या मशीनला जोडणारं ॲप) उघडून पाहिलं तर पाचही व्हीएम उभ्या, सांगितलेल्या क्रमाने. घरी मशीनला कुणी हात लावला नव्हता.

उन्हाची भीती मला जास्त होती. टिनाच्या खोलीत नवतपात मशीन ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून ते माजघरात, मातीच्या जाड भिंतीतल्या आलमारीत ठेवलं, दार काढून. कूलरची ओली हवा त्यावर येऊ देत नाही. मे महिन्यात प्रोसेसर ७० अंशांच्या आसपास राहिला, चिंता नव्हती. आणि थंडीत, डिसेंबरात, तोच आकडा ८८ झाला. मला काही सुचेना. मागचा स्क्रू काढला, वरचं झाकण सरकवलं. पंख्याच्या तोंडाशी पांढरी मऊ गादी, बोटाच्या पेराएवढी जाड. वेचणीचा कापूस शेजारच्या खोलीत छतापर्यंत भरला होता, त्याचे तंतू. चिमट्याने ओढली तर अख्खी एकसंध निघाली, खाली जाळीचे ठसे उमटलेले. ब्रशने बाकीचं झाडलं, मशीन लावलं, ५९ अंश. सासऱ्यांनी ती गादी हातात घेऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन खोल्यांमधल्या दाराला जुन्या धोतराचा पडदा लावून दिला. तरी कापूस घरात असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी मी झाकण उघडते.

बॅकअप रविवारी रात्री दोन वाजता आपोआप होतो, यूएसबीच्या डिस्कवर. सोमवारी सकाळी ती डिस्क काढून मी धान्याच्या कोठीमागच्या लोखंडी पेटीत ठेवते.