पगार सांगणाऱ्या दोन साइट : ॲम्बिशनबॉक्स आणि लेव्हल्स डॉट एफवायआय

पंचविशीत तीस लाखांचं पॅकेज किती जणांना मिळतं? आयटीतली मुलं याचं उत्तर बहुधा या दोन ठिकाणी शोधतात. दोन्ही साइट फुकट आहेत आणि कामाच्याही. फक्त एक लक्षात ठेवा : इथले आकडे कर्मचाऱ्यांनी स्वतःहून भरलेले असतात. त्यामुळे एखाद्या पदाला काय मिळतं ते कळतं, पण तसं पद किती जणांकडे आहे ते कळत नाही.

टीसीएस, इन्फोसिससारख्या सर्व्हिस कंपन्यांसाठी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणाऱ्यांसाठी, ॲम्बिशनबॉक्स उत्तम. पद, शहर आणि अनुभवाची वर्षं निवडायची आणि आकडा किती नोंदींवर आधारलेला आहे ते आधी बघायचं. पाच-सात नोंदी असतील तर तो आकडा सोडून द्या. सरासरीवरही विसंबू नका. दहा जणांत आठांना 4 लाख, एकाला 12 आणि एकाला 45 लाख असतील तर सरासरी 8.9 लाख येते, पण मधला माणूस 4 लाखांवरच असतो. मोठ्या भरतीतल्या फ्रेशरला आजही साडेतीन लाखांच्या आसपासच मिळतात, आणि आयटीत येणारी बरीच मुलं याच दारातून आत येतात.

नोंदींतली मोठी गल्लत सीटीसीची, म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाची. 12 लाखांचं पॅकेज घ्या. बेसिक निम्मं, म्हणजे 6 लाख. कंपनीचा पीएफ बेसिकच्या 12 टक्क्यांनी 72,000, ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी 28,860 आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, पॅकेजच्या 10 टक्के धरलं तर 1,20,000. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण महिन्याला हातात येत नाही. उरलेल्या 9,79,140 मधून स्वतःचा पीएफ 72,000 आणि व्यवसाय कर 2,500 कापला जातो. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर शून्य, तरी दरमहा हातात पडतात साधारण 75,000. लाखाचा हिशेब धरून फ्लॅटचा हप्ता ठरवणाऱ्याची इथेच ओढाताण होते.

लेव्हल्स डॉट एफवायआय प्रॉडक्ट कंपन्यांसाठी, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा सेवा विकणाऱ्यांसाठी, सरस आहे, कारण तिथे मूळ पगार, शेअर आणि बोनस वेगवेगळे दाखवतात. हीच मांडणी मला सगळ्यांत पटते. बघायचा तो मूळ पगार. शेअर बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात, आणि ते सारखे वाटलेले असतीलच असं नाही. ॲमेझॉनची 5, 15, 40, 40 टक्के ही पद्धत प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी चार वर्षांची सरासरी पाहून गेलेल्याला पहिल्या वर्षी शेअर बरेच कमी मिळतात. जॉइनिंग बोनसही कधी कधी त्याच बेरजेत धरलेला असतो. तो दरवर्षी मिळत नाही आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो.

ऑफर आली की एचआरकडे पगाराची फोड लेखी मागा : फिक्स्ड किती, व्हेरिएबल कधी आणि कशावर, शेअर कोणत्या तारखांना. ती हातात आल्यावरच साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा.