आईची शुगर, बीपी आणि व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर : वर्षभराचा अनुभव

आईला मधुमेह आणि बीपी, दोन्ही जुने. आम्ही गुहागर तालुक्यात, तिचे डॉक्टर पुण्यात. प्रत्येक फॉलोअपला कुंभार्ली घाट ओलांडायचा, तिथे दहा मिनिटांत काम व्हायचं आणि घरी आल्यावर आई दोन दिवस आडवी. वर्ष होत आलं, मधल्या भेटी आता व्हिडिओ कॉलवर होतात.

माझं स्पष्ट मत : जुन्या दुखण्यासाठी डॉक्टर ओळखीचेच हवेत. सुरुवातीला एक ॲप वापरलं होतं. दर वेळी नवे डॉक्टर, दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून. एकांनी तर घरची रीडिंग न विचारताच बीपीची गोळी वाढवली. ती आम्ही सुरूच केली नाही. आईचे नेहमीचे डॉक्टर व्हिडिओवर बघायला लागले तेव्हा खरा फरक पडला.

एकदा आई सहज म्हणाली, चप्पल घट्ट होतेय. डॉक्टर लगेच म्हणाले, "आजी, पाय दाखवा बघू." मला घोट्याच्या वर, नडगीवर अंगठा दाबून धरायला लावला. बोट काढलं तरी खळगा तसाच. मोबाइल जवळ नेऊन दोन्ही पाय दाखवले. दम लागतो का, रात्री उशा जास्त लागतात का, हे विचारून घेतलं, लघवीची आणि किडनीची तपासणी गावातच करायला सांगितली. रिपोर्ट नीट आल्यावर बीपीची ॲम्लोडिपिन ही गोळी बंद करून दुसरी दिली. ॲम्लोडिपिनने पाय सुजू शकतात, हे मला तेव्हा कळलं. सूज उतरली.

अर्थात तयारी आपल्यालाच करावी लागते. पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून घेतलेलं बीपी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर हे सगळं वहीत. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी, आदल्या दिवशीच पाठवायची. रेंज पडवीतच येते, म्हणून आईची खुर्ची तिथे.

आमच्या मेडिकलवाल्याने आधी मोबाइलवरची चिठ्ठी चालणार नाही म्हणून सांगितलं. मार्च 2020च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी चालते. तो दाखवल्यावर औषधं मिळाली. त्याच सूचनांनुसार, त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटले असतील तर व्हिडिओवरची भेट फॉलोअप धरत नाहीत. म्हणून त्याआधी एक फेरी आम्ही मारतोच. तळपायाची संवेदना डॉक्टर बारीक नायलॉनची तार हलकेच टेकवून बघतात, ते कॅमेऱ्यावर होत नाही. डोळ्यांच्या पडद्याची वार्षिक तपासणीही त्याच फेरीत उरकतो.