युद्धात जप्त झालेले कॉपीराइट परत कसे करावेत? अमेरिकेची वाट आणि जपानची वाट

रशिया-युक्रेन युद्धाने एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. मार्च २०२२ मध्ये रशियाने ठरवलं की ‘मित्र नसलेल्या’ देशांतल्या मालकाचं पेटंट सरकारने संमतीविना वापरायला दिलं, तर त्याचा मोबदला शून्य टक्के. मे महिन्यात पुढचा हुकूम निघाला. अशा देशांतल्या हक्कधारकांची रॉयल्टी खास रूबल खात्यात भरायची आणि ती रक्कम देशाबाहेर न्यायची तर परवानगी घ्यायची. युद्ध कधीतरी थांबेल. तेव्हा हे सगळं परत कसं करायचं, हे कोणाला तरी ठरवावं लागेल. कायद्याचे विद्यार्थी मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्यात, यावर आत्ताच बाजू मांडू शकतात. त्यांच्यासाठी आणि या विषयावर भूमिका घ्यावी लागणाऱ्या कुणासाठीही ही तुलना लिहितो आहे.

‘परत केलं की नाही’ एवढंच विचारून इथे भागत नाही. कॉपीराइट जप्त होतो तेव्हा तीन गोष्टी हातच्या जातात: हक्क, मधल्या काळातली रॉयल्टी आणि मुदत. जप्त केलेली जमीन वीस वर्षांनी परत मिळाली तरी एकराला एकर तेवढीच असते. कॉपीराइटची मुदत मात्र सरकारी कपाटात पडल्या पडल्या संपत जाते. अमेरिकेने हक्क परत केला, जपानने मुदत. पैसा मूळ मालकाला परत देण्याचा प्रश्न दोघांनीही नीट सोडवला नाही, असं माझं मत आहे.

अमेरिका: आधी ताबा, मग वीस वर्षांनी परती

अमेरिकेचा ‘शत्रूशी व्यापार’ कायदा १९१७ चा. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, परकीय मालमत्तेच्या कस्टोडियनचं, म्हणजे ती ताब्यात ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय नव्याने उभं राहिलं. जर्मनी, जपान, इटलीतल्या मालकांचे कारखाने, शेअर आणि पेटंटं यांच्याबरोबर कॉपीराइटही त्याच्या ताब्यात गेले. ताब्याचे आदेश सरकारी राजपत्रात छापले जात. काय घेतलं आणि कोणाचं घेतलं, हे कोणालाही वाचता येत होतं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. शेवटी त्याकडे परत येतो.

या जप्तीचा उपयोग काय झाला, ते एका ग्रंथावरून कळतं. बाइलश्टाइन हा सेंद्रिय रसायनशास्त्राचा अनेक खंडांचा जर्मन संदर्भग्रंथ. प्रयोगशाळेत त्याच्यावाचून पान हलत नसे. त्याचा संच सुमारे २००० डॉलरला मिळायचा. १९४३ मध्ये कस्टोडियनच्या परवान्याने मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या एडवर्ड्स ब्रदर्सने तो छापला आणि किंमत ४०० डॉलरवर आली. इतर जर्मन विज्ञानग्रंथही असेच निघाले. त्यांच्यावर एक ओळ छापलेली असे: कस्टोडियनच्या अधिकाराने, लोकहितासाठी प्रकाशित आणि वितरित. लहान कॉलेजांना जे परवडत नव्हतं ते परवडू लागलं. हा फायदा खरा होता. जप्तीविरुद्ध बोलणाऱ्यांनी तो नाकारू नये.

पण त्याच परवान्यांनी निघालेल्या पुस्तकांत गणिती रिचर्ड कूराँ यांचा डाव्हिड हिल्बर्ट यांच्याबरोबरचा ग्रंथही होता. ज्यू असल्यामुळे नाझींनी कूराँ यांना १९३३ मध्ये जर्मनीतलं ग्योटिंगेन विद्यापीठ सोडायला लावलं होतं. जप्तीच्या वेळी ते न्यूयॉर्कमध्ये शिकवत होते आणि अमेरिकेचे नागरिक होते. प्रकाशक बर्लिनचा, म्हणून पुस्तक शत्रूचं ठरलं. जप्ती नेहमी मालकाच्या पत्त्यावरून होते, माणसावरून होत नाही. म्हणूनच परतीच्या कायद्यात माणसाकडे बघण्याची सोय ठेवावी लागते. अमेरिकेने ती १९४६ मध्ये ठेवली. ज्यांचा शत्रुराष्ट्रानेच छळ केला होता, त्यांना मालमत्ता परत मागण्याचा मार्ग खुला झाला.

बाकीच्यांचं काय? इटलीचा प्रश्न १९४७ मध्येच सुटला. इटलीने दाव्यांपोटी ५० लाख डॉलर द्यायचे आणि अमेरिकेने इटालियन मालमत्ता मोकळी करायची, असा करार झाला. जर्मनी आणि जपानच्या बाबतीत नेमकं उलट झालं. १९४८ च्या कायद्याने त्यांची मालमत्ता परत करायला बंदी घातली आणि तिच्यातून येणारा पैसा युद्ध-दाव्यांच्या निधीकडे वळवला. या निधीतून युद्धकैदी राहिलेल्या अमेरिकी सैनिकांना भरपाई मिळाली. कैदेत पुरेसं अन्न न मिळाल्याच्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर. तो पैसा उधळला गेला, असं कोणी म्हणू शकणार नाही. तरीही लेखकाची रॉयल्टी सैनिकाच्या उपासमारीपोटी खर्ची पडणं हा न्याय नव्हे. ते देणं लेखकाचं नव्हे, त्याच्या सरकारचं होतं.

अखेर ऑक्टोबर १९६२ मध्ये कायदा झाला आणि सरकारच्या हातात उरलेले बहुतेक कॉपीराइट मूळ मालकांकडे गेले. इथली चांगली बाजू अशी की प्रत्येकाला स्वतंत्र दावा लढवत बसावं लागलं नाही. कायद्यानेच हक्क सोडून दिला. वाईट बाजू मुदतीची. त्या काळी अमेरिकेत पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि वेळेत नूतनीकरण झालं नाही तर हक्क कायमचा संपायचा. १९३० च्या पुस्तकाचं नूतनीकरण १९५८ च्या सुमारास येणार, म्हणजे हक्क सरकारकडे असतानाच. मालक बघत राहण्यापलीकडे काय करणार?

एक अपवाद सगळ्यांना माहीत हवा. हिटलरच्या आत्मचरित्राचा हक्क अमेरिकी सरकारने सोडला नाही. वर्षानुवर्षं त्याची रॉयल्टी सरकारजमा होत राहिली. ती १,३९,००० डॉलरच्या वर गेली. १९७९ मध्ये अमेरिकी प्रकाशकाने ३७,२५४ डॉलरला हक्कच विकत घेऊन टाकला. पुढे १९९६ पासून परदेशी पुस्तकांचे गेलेले हक्क अमेरिकेने पुन्हा बहाल केले, तेव्हाही कायद्यात स्पष्ट लिहिलं: जे काम कधीकाळी कस्टोडियनकडे होतं आणि ज्याचा हक्क बहाल केल्यावर एखाद्या सरकारकडे जाईल, त्याला ही सवलत नाही. अपवाद असाच लिहावा. निकष कायद्यात असावा, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

जपान: दिवस मोजून भरपाई

जपानची गोष्ट वेगळ्या टोकाची. तिथे हरलेल्या देशाने जिंकलेल्यांची भरपाई केली, आणि ती दिवसांत. दोस्त राष्ट्रांनी जपानशी केलेल्या सॅन फ्रान्सिस्को शांतता तहानुसार त्या राष्ट्रांतल्या लोकांच्या कॉपीराइटची मुदत युद्धकाळाइतकी वाढवावी लागली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्यासाठी हे दिवस ३७९४ भरतात, ८ डिसेंबर १९४१ पासून तह लागू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे २७ एप्रिल १९५२ पर्यंत. लढाई थांबली ऑगस्ट १९४५ मध्ये, पण मोजणी त्यानंतर साडेसहा वर्षांहून जास्त चालू राहिली. युद्धाच्या मधल्या काळात निर्माण झालेल्या कामाचे दिवस वेगळे आणि ज्या देशांना तह उशिरा लागू झाला त्यांचे दिवसही वेगळे.

लेखकाच्या नजरेने पाहिलं तर ही वाट अमेरिकेपेक्षा सरळ आहे. जेवढा काळ गेला तेवढा परत. वापरणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर डोकेदुखी. एखादं गाणं मोकळं झालं का, हे कळायला १९४१ मध्ये त्याचा मालक कोण होता आणि कुठल्या देशाचा होता, हे शोधावं लागतं. २०१८ च्या शेवटी जपानने मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. तरीही जुने दिवस वर चढतातच. शिवाय ही सवलत एकतर्फी. जपानी लेखकांचे युद्धात गेलेले दिवस कोणी मोजले नाहीत.

आपला संबंध असा की भारत सॅन फ्रान्सिस्कोला गेला नाही. ९ जून १९५२ ला त्याने जपानशी वेगळा तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडला. त्यामुळे १९४१ च्या आधीच्या मराठी पुस्तकाला जपानमध्ये हे जादा दिवस मिळत नाहीत. कॉपीराइटचं आयुष्य तहाच्या टेबलावर कोण बसलं होतं यावर ठरावं, हे मला पटत नाही. इटलीला १९४७ मध्ये आणि जर्मनीला १९६२ मध्ये हक्क मिळाले, त्यातही हाच दोष आहे.

फ्रान्सनेही दोन्ही महायुद्धांसाठी मुदती वाढवल्या, शिवाय देशासाठी मेलेल्या लेखकांना ३० वर्षं जादा दिली. ‘लिटल प्रिन्स’चा लेखक सेंट-एक्झुपेरी १९४४ मध्ये युद्धात गेला. भारतात त्याची पुस्तकं २००५ पासून मोकळी आहेत, फ्रान्समध्ये अजून नाहीत.

परतच न करण्याची वाट

हीही वाट आहे आणि ती आपल्याकडे आहे. १९६५ च्या युद्धानंतरचा शत्रू मालमत्ता कायदा १९६८ चा; पाकिस्तानात गेलेल्यांची इथली मालमत्ता त्याने सरकारी ताब्यात ठेवली. महमूदाबादच्या राजांच्या वारसाने सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये मालमत्ता जिंकली, पण २०१७ च्या दुरुस्तीने वारसाहक्काचा रस्ता मागच्या तारखेपासून बंद केला. तिथला वाद घरांचा आणि जमिनींचा. हीच पद्धत पुस्तकांना लावली तर मुदत संपेपर्यंत हक्क सरकारकडे आणि नंतर सगळ्यांचा. वारसाच्या हाती काहीच नाही. या वाटेने जाऊ नये.

मग निवडायचं काय?

लेखक किंवा वारसांची बाजू घ्यायची असेल तर जपानची पद्धत उचला, पण दिवसांऐवजी सगळ्यांना एकसारखी ठरावीक वर्षं द्या आणि दोन्ही बाजूंच्या लेखकांना द्या. वाचक, भाषांतरकार, लहान प्रकाशक यांची बाजू असेल तर अमेरिकेची पद्धत बरी: एकच तारीख, एकच कायदा, जादा मुदत नाही. माझा कौल अमेरिकेच्या पद्धतीला आहे, दोन दुरुस्त्या करून.

पहिली पैशाची. जप्तीच्या काळातली रॉयल्टी कामागणिक वेगळ्या खात्यात राहावी आणि हक्काबरोबर परत जावी. रशियाची ती रूबल खाती निदान या एका बाबतीत उपयोगी पडतील. पैसे कोणाच्या नावावर जमले ते शोधता येईल.

दुसरी दुरुस्ती मधल्या माणसाची. सरकारच्या परवान्याने कोणी भाषांतर केलं असेल, तर हक्क परत जाताना त्याला चोर ठरवू नये. १९९६ च्या अमेरिकी कायद्यात याचा नमुना आहे. आधीपासून वापरणाऱ्याला नोटीस मिळाल्यावर उरलेल्या प्रती विकायला १२ महिने मिळतात आणि भाषांतरासारखं काम रास्त मोबदला देऊन पुढे चालू ठेवता येतं.

आणि मसुद्याचं पहिलं कलम यादीचं असावं. जप्त केलेलं प्रत्येक काम, त्याचा मालक आणि दिलेला प्रत्येक परवाना राजपत्रात छापला गेला पाहिजे, तोही जप्तीच्या दिवशीच. अमेरिकेने १९४२ मध्ये ताब्याचे आदेश छापले, म्हणून १९६२ मध्ये कोणाला काय परत द्यायचं हे सांगता आलं.