जिम्नी, दोन पावसाळ्यांनंतर: थरथरणारं स्टिअरिंग आणि न उघडणारं मागचं दार

सत्तर ते ऐंशीच्या मधे स्टिअरिंग थरथरायला लागायचं. नव्वदच्या वर गेलं की कमी, साठच्या खाली आलं की गायब. कात्रजचा बोगदा संपून खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत बायको दोनदा म्हणाली, "गाडीला हुडहुडी भरलीय का?" मी गाडी ज्या सर्व्हिसवाल्याकडे टाकतो (नाव घेत नाही, पुढेही काम पडणार आहे), तिथला पोरगा एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सर, फोर बाय फोरमध्ये एवढं असतंच." मी हटलो नाही, तेव्हा म्हणाला, "स्टिअरिंग डॅम्पर बदलून बघू. नाही थांबलं तर किंगपिन बेअरिंग खोलू." किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. एस्टिमेट पाच आकडी. माझ्या पैशाने तो बघणार, आणि नाही जमलं तर पुन्हा माझ्याच पैशाने आणखी आत बघणार. जॉब कार्डवर सही न करता गाडी घेऊन निघालो. हे सगळं लिहायला घेतलं ते त्या दिवशीच्या डोकेदुखीमुळे.

गाडीची माहिती बहुतेकांना असेल. मारुती सुझुकीची पाच दारांची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) जिम्नी, दीड लिटर पेट्रोल, १०५ पीएस, मॅन्युअल, झीटा म्हणजे खालचं मॉडेल. वरचं मॉडेल, अल्फा, घेतलं नाही, कारण अलॉय, मोठा स्क्रीन आणि हेडलाइट धुणारे फवारे यांसाठी जादा पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. दिवे धुवायला आपल्याकडे फडकं असतं. जून २०२३ मध्ये गाडी १२.७४ लाखांपासून आली तेव्हा शोरूममध्ये बसून चहा पिऊन परत आलो होतो. डिसेंबरात थंडर एडिशन म्हणून तीच गाडी १०.७४ लाखांपासून मिळायला लागली, तेव्हा घेतली. सहा महिने दम धरल्याचा मोबदला चांगला मिळाला. राग आहे तो कराचा. लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण इंजिन १,४६२ सीसी. छोट्या गाडीची सवलत हवी तर पेट्रोल इंजिन १,२०० च्या आत पाहिजे. म्हणजे डिकी छोटी, गाडी छोटी आणि कर मात्र मोठ्या गाडीचा.

मला या गाडीचं वेड लागलं ते तिच्या घराण्यामुळे. सुझुकी मुळात मागवाल्यांची कंपनी. मिचिओ सुझुकींनी १९०९ साली हामामात्सुला यंत्रमाग बनवायला सुरुवात केली. मोटार लावलेली सायकल आली १९५२ साली, पहिली छोटी कार १९५५ साली. जिम्नीची मूळ कल्पना तर यांची नव्हतीच. होप नावाच्या एका लहान कंपनीने छोटी फोर बाय फोर बनवली होती, ती फारशी खपली नाही, आणि १९६८ साली सुझुकीने तिचे हक्क घेतले. एप्रिल १९७० मध्ये एलजे१० आली: ३५९ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन, ताकद २५ पीएस. आज हसावं असे आकडे, पण त्यावर फोर बाय फोर! जपानच्या सगळ्यात छोट्या गाड्यांच्या वर्गात बसवायची तर लांबी तीन मीटरच्या आत ठेवणं भाग होतं, म्हणून स्टेपनी मागे न टांगता आत, सीटच्या मागे उभी केली. हे लक्षात ठेवा, मला पुढे याच स्टेपनीवर बोलायचंय.

तिचीच पुढची पिढी डिसेंबर १९८५ मध्ये मारुती जिप्सी म्हणून आपल्याकडे आली. सैन्यात, पोलिसांत, ताडोबाच्या सफारीत आपण सगळ्यांनी तीच बघितली. परदेशात याच घराण्यातली गाडी सामुराई म्हणून ओळखली जायची, आणि तशाच एका सुधारलेल्या सामुराईने २००७ साली चिलीतल्या ओहोस देल सालादो ज्वालामुखीवर ६,६८८ मीटरची उंची गाठली. आमच्या सोसायटीच्या रॅम्पला माझी गाडी पहिल्याच झटक्यात चढते, तेवढ्यावर मी खूश.

तर मागचं दार.

ते वर उचलत नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं. बिजागऱ्या उजवीकडे, आणि दारावर अख्खी स्टेपनी टांगलेली. ते पूर्ण उघडायला मागे मीटरभर मोकळी जागा लागते. आमच्या सोसायटीचा नियम असा की गाड्या रिव्हर्सच लावायच्या, म्हणजे तोंड रॅम्पकडे आणि पाठ भिंतीकडे. मग दार उघडायचं कुठे? भिंतीपासून लांब लावली तर पुढचं बंपर येण्याजाण्याच्या वाटेत, आणि वॉचमन शिट्टी मारतो. भिंतीला लावली तर दार वीतभर उघडतं, तेवढ्यातून फक्त छत्री काढता येते. वेल्ह्याहून भाऊ इंद्रायणी तांदळाचं पोतं देतो, ते मी दर खेपेला मागच्या सीटवरून आत ढकलतो आणि वर येईपर्यंत शर्ट पांढरा होतो. किराणा, लेकीची सायकल, आईची घडीची व्हीलचेअर, सगळं बाजूच्या दाराने. डिकी २०८ लिटरची आहे, सीट पाडल्यावर ३३२. पण घरी आल्यावर आकडा शून्य. १९७० साली स्टेपनी आत ठेवायची अक्कल होती, तर २०२३ साली काय झालं, हा प्रश्न मी प्रत्येक पाहुण्याला विचारतो. पाहुणे आता विषय बदलायला शिकलेत.

बाकी रोजचं थोडक्यात सांगतो. गाडी चार जणांची आहे, पाचव्याला बेल्टही नाही आणि जागाही नाही. आमच्या घरात चारच माणसं, पण बहीण आली की रिक्षा. सहावा गिअर नाही, त्यामुळे शंभरच्या पुढे इंजिनाचा आवाज गप्पांत पडतो. टाकी चाळीस लिटरची. कंपनीचा मायलेजचा आकडा १६.९४, शहरात मला बाराच्या आसपास मिळतो. इथे मी पेट्रोलच्या नावाने एक मोठा परिच्छेद लिहून ठेवला होता. तो काढतोय, कारण मधल्या रविवारी साताऱ्याला जाऊन आलो, ऐंशीच्या वर काटा जाऊ दिला नाही, आणि पंधराच्या वर मिळालं. चौकोनी गाडी आहे, वारा कापत नाही, ढकलते. घाई केली की पेट्रोल पिते, सावकाश गेलं की शहाणी. माझ्यासारख्या माणसाला हे परवडणारं आहे.

आता चांगल्या गोष्टीकडे येतो. हँडब्रेकजवळ फोर बाय फोरचा खराखुरा दांडा आहे, बटण नाही. सुरुवातीला वाटायचं, पुण्यात याचा उपयोग काय? पण भावाच्या शेताला जायची वाट भातखाचरांच्या मधून आहे, आणि लावणीच्या दिवसांत ती वाट उरतच नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत गुडघाभर गारा. गाडी थांबवली, क्लच दाबला, दांडा दाबून मागे, ४एल, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि हळू, जोरकस गिअर. यात गिअर जवळजवळ निम्म्यावर येतात, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलेटरला पाय न लावता गाडी चालत राहते. मधेच उजवं मागचं चाक गरगर फिरलं. गाडी स्वतःच त्या चाकाला ब्रेक लावते, ताकद पलीकडच्या चाकाला मिळते, आणि ती खुरमांडी सोडून उठलेल्या बैलासारखी बाहेर आली. भावाने बांधावरून टाळ्या वाजवल्या. तोवर त्याच्या मते मी पैसे पाण्यात घातले होते. एक सूचना मात्र: पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना ताकद, पण गिअर नेहमीचे) लावून मिरवू नका, वळताना गाडी आखडते आणि आतली झीज वाढते.

त्या दिवशीच्या मर्दुमकीतूनच थरथर निघाली, हे मला खडकीत कळलं.

सर्व्हिसवाल्याकडून निघाल्यावर मित्राने एका जुन्या मेकॅनिकचा पत्ता दिला. टिनाची शेड, बाहेर दोन जिप्सी टायर काढून ठोकळ्यांवर उभ्या. चाचांनी अर्धं आयुष्य सैन्याच्या लिलावातल्या जिप्सी उभ्या करण्यात घातलंय. मी "डॅम्पर" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "साहेब, गाडी चिखलात घातली होती का?" म्हटलं, घातली होती, पण धुतली. "कुठून धुतली?" आणि पुढचं डावं चाक खोललं.

रिमच्या आतल्या बाजूला, जिथे प्रेशरचं पाणी पोचत नाही, तिथे वेल्ह्याची माती वाळून दगड झाली होती. सगळीकडे सारखी असती तर एक वेळ चाललं असतं; ती चाकाच्या एकाच भागात, वीतभर लांबीचा थर होऊन बसली होती. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तेव्हा खाली पडलेली ढेकळं मी ओंजळीत घेतली. बॅलन्सिंगसाठी रिमला लावतात ते शिसं वीस-तीस ग्रॅमचं असतं. हे पाव किलोच्या पुढे होतं. उजव्या चाकात थोडी कमी, पण होतीच. चारही चाकं खरवडून, धुऊन, समोरच्या टायरवाल्याकडे बॅलन्सिंग केलं. बिल हजाराच्या आत. थरथर बंद.

असं का होतं, हेही त्यांनीच समजावलं. आजकालच्या बहुतेक एसयूव्हींची पुढची चाकं स्वतंत्र टांगलेली असतात, एकाचं दुखणं त्याच्यापाशीच राहतं. जिम्नीत जिप्सीसारखाच पुढेही अखंड ॲक्सल आहे. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, एवढाच फरक. एक चाक हललं की ॲक्सलमधून ते दुसऱ्याला पोचतं, तिथून दांड्यांमधून स्टिअरिंगला, आणि ठरावीक वेगाला सगळं एका तालात नाचायला लागतं. स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे त्या नाचावर दाब ठेवणारा छोटा शॉक ॲब्सॉर्बर. तो नवा टाकला असता तर थरथर काही दिवस दबली असती, माती तिथेच राहिली असती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. किंगपिन बेअरिंग झिजल्यावरही असंच होतं, हे खरं, पण तिथे पोचायच्या आधी चाक खोलून बघायला पाना लागतो, एस्टिमेट नाही. तेव्हा ज्यांची ही गाडी आहे आणि जे पावसाळ्यात ती रस्ता सोडून नेतात, त्यांनी घरी आल्यावर रिम आतून पाइप घालून धुवा. माती ओली असेपर्यंत दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच शेडमध्ये बसून मी मोबाइलवर बघत होतो: हीच पाच दारांची जिम्नी, आपल्या गुरुग्रामला बनलेली, जपानात नोमेड नावाने जाते. ३० जानेवारी २०२५ ला जाहीर झाली आणि चारेक दिवसांत सुमारे पन्नास हजार जणांनी नोंदणी केल्यामुळे कंपनीला बुकिंगच थांबवावं लागलं. तिकडे रांगा, इकडे सवलती. चाचा म्हणाले, "त्यांच्याकडे बर्फ असतो, आपल्याकडे ईएमआय." किंमत पडेल का, विकावी का, असं मला लोक विचारतात. मी विकणार नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीने भावाकडून टाळ्या मिळवल्या असत्या?

दाराचं मात्र काही ठरत नाहीये. बी विंगच्या टोकाला एक पार्किंग आहे, त्याच्या मागे भिंत नाही, नुसती कुंडी आहे. तिथे शेजारच्या काकांची गाडी असते. त्यांच्याशी अदलाबदलीची बोलणी चालू आहेत. त्यांचं म्हणणं, माझ्या जागेवर वरच्या पाइपमधून पाणी ठिबकतं, त्याची दुरुस्ती मी करून द्यावी. प्लंबर साडेतीन हजार म्हणतोय. मी निम्म्याला तयार आहे, काका अजून नाहीत.