ओके कम्प्युटर: गंगापूर रोडला पावसात ऐकलेला अल्बम आणि प्रत्येकाचं वेगळंच मत

आधीच सांगून ठेवतो, रेडिओहेड हा इंग्लिश रॉक बँड म्हणजे 'क्रीप' हे एक गाणं एवढंच ज्यांना माहितीये त्यांनी त्यांच्या ओके कम्प्युटरमध्ये दुसरं क्रीप शोधत बसू नका, मिळणार नाही. 1997 चा अल्बम, 12 ट्रॅक, सगळे मिळून साधारण 53 मिनिटं. नावात कम्प्युटर आहे म्हणून लोक याला टेक्नॉलॉजीवरचा अल्बम म्हणतात, पण मला ते कधीच पटलं नाही, कारण ऐकायला बसलं की कम्प्युटरपेक्षा गाड्या जास्त भेटतात. पहिलंच गाणं एअरबॅग, अपघातातून वाचलेल्या माणसाचं. सबटेरेनियन होमसिक एलियनमधला माणूस रात्री गावाकडच्या रस्त्यानं गाडी चालवतोय आणि परग्रहावरच्यांनी आपल्याला उचलून न्यावं अशी स्वप्नं बघतोय, लकीमध्ये विमान पडलंय, आणि शेवटचं द टुरिस्ट तर सरळसरळ हळू जा रे बाबा असं सांगणारं. म्हणजे रोज कुठून तरी कुठे तरी नेल्या जाणाऱ्या माणसाचा हा अल्बम आहे, आणि तसा माणूस आपल्या नाशकात द्वारका सर्कलला कुठल्याही संध्याकाळी हजारानं सापडतो.

आता रिव्ह्यू कशाचा तर मित्रानं घेतलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) सेटचा. 2017 मध्ये अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून ओकेनॉटओके नावानं तीन एलपींचा सेट निघाला, दोन एलपींवर मूळ अल्बम आणि तिसऱ्यावर त्या काळातली बी-साइड्स (सिंगलच्या मागच्या बाजूला दिलेली जादा गाणी) प्लस तीन आधी न काढलेली गाणी. मित्राचं घर गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे आलेले सगळे अडकले आणि पूर्ण अल्बम ऐकण्याशिवाय इलाज उरला नाही. अडकलेल्यांमध्ये माझा मेव्हणा (अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे), भाची जी तबला शिकते, आत्या जिनं तरुणपणी रीतसर गाणं शिकलंय आणि जिला रॉक म्हणजे डोकेदुखी वाटते, एक कॉलेजपासूनचा मेटलवाला मित्र, आणि ज्याचं घर तो, जो पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक आहे.

सगळ्यात आधी भाची. पॅरानॉइड अँड्रॉइड हे साडेसहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, तीन-चार वेगवेगळी गाणी एकत्र शिवल्यासारखं, पहिला सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) म्हणून त्यांनी हेच काढलं हा पण एक उद्योगच. ती मांडीवर बोटं मारत बसली होती आणि मधला भाग सुरू झाल्यावर एकदम म्हणाली, मामा इथं काहीतरी खाल्लं. बरोबर पकडलं पोरीनं, तिथं मधेमधे सात-अष्टमांशाचे तुकडे आहेत, म्हणजे अर्धी मात्रा गायब होते आणि ऐकणारा माणूस जिन्यात एक पायरी कमी असल्यासारखा पुढे पडतो. मग लेट डाउन लागलं तेव्हा तर ती गप्पच झाली, कारण त्यात बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडची गिटार वेगळ्या मोजणीत चालते आणि बाकीचा बँड वेगळ्या, आणि तरी कुठे भांडण नाही. तिनं ते तीनदा लावायला लावलं, मेटलवाला वैतागला.

आत्याचं मत मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. पहिली तीन गाणी ती चहा कर, भजी तळ असल्या कामात होती, एक्झिट म्युझिक लागलं तशी बाहेर येऊन बसली. म्हणे हा मुलगा कुठे उभा राहून गातोय, दगडी खोली आहे का? आता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण खरंच तसं आहे. अल्बमचा बराचसा भाग इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाच्या जुन्या हवेलीत रेकॉर्ड झालाय, अभिनेत्री जेन सीमोरच्या मालकीची होती ती तेव्हा, आणि या गाण्यातला गायक थॉम यॉर्कचा आवाज त्या हवेलीच्या दगडी जिन्यात घेतलाय, घुमारा तिथला अस्सल, मशीनचा नाही. त्याआधी ते डिडकॉटजवळ सफरचंदांच्या एका जुन्या शेडमध्ये काम करत होते, तिथं म्हणे टॉयलेटसुद्धा नव्हतं! गाणं पण एका सिनेमासाठी लिहिलेलं, 1996 च्या रोमिओ + ज्युलिएटच्या शेवटी नावं येतात त्यासाठी. आत्या म्हणाली सुरुवातीला पुटपुटतो आणि मग आवाज कसा उघडतो बघ, हे रियाजाशिवाय होत नाही. तिच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्री समजा.

पण क्लायंबिंग अप द वॉल्सला तिनं कानावर हात ठेवले. त्याच्या शेवटी 16 व्हायोलिनं आहेत, एकमेकांपासून पाव पाव स्वराच्या अंतरावर, जॉनी ग्रीनवुडवर पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराचा प्रभाव होता त्यातून आलेली कल्पना. मी हे समजावून सांगितलं तर म्हणाली, कळतंय मला, बेसूर नाहीये ते, मुद्दाम दोन सुरांच्या मधे उभे केलेत, पण घरात हे कशाला लावायचं? उत्तर नव्हतं माझ्याकडे. रात्री एकट्यानं हेडफोनवर ऐकायचं गाणं आहे ते, भज्यांबरोबर नाहीच.

मेव्हणा हिंदी गाण्यांचा माणूस, सौजन्य म्हणून मान डोलवत होता. कर्मा पोलिस त्याला आवडलं, चाल सोपी आहे, सगळे मिळून गाता येण्यासारखी, आणि शेवटी जो आवाज फाटत फाटत विरघळतो (दुसरा गिटारवाला एड ओब्रायननं डिले म्हणजे प्रतिध्वनीच्या मशीनला स्वतःच्याच आवाजावर कोकलायला लावून केलाय तो) तेव्हा त्यानं उठून प्लेअरची वायर चेक केली, कारण त्याला वाटलं काहीतरी जळालं. त्यानंतर लागतं फिटर हॅपियर. जवळजवळ सगळे लोक हा ट्रॅक स्किप करतात, गाणं नाहीच ते, मॅकिंतोश या ॲपलच्या कम्प्युटरचा यांत्रिक आवाज दोन मिनिटं सपाट सुरात चांगलं कसं जगावं याची यादी वाचत सुटतो. मेव्हणा आधी हसला, म्हणाला हे तर आमच्या शॉपफ्लोअरवरचे बोर्ड कुणीतरी वाचून दाखवतंय, आमच्याकडे पण भिंतीवर हेच, व्यायाम करा, वेळेवर या, हसतमुख राहा. मग यादी पुढे सरकत गेली तसं त्याचं हसू गेलं. रेकॉर्ड संपल्यावर त्यानं मला विचारलं, हे 97 चं आहे? तेव्हा तर आपल्याकडे धड मोबाइल पण नव्हते. मला विचाराल तर स्किप करू नका, अल्बमच्या बरोबर मध्यात तो मुद्दाम ठेवलाय आणि तो काढला तर पुढे येणारं नो सरप्रायझेस नुसतं गोड अंगाईगीत होऊन बसतं.

मेटलवाल्याचं एक ऐकायलाच पाहिजे, कारण विरोधी पक्ष पण लागतो. त्याचं म्हणणं, रडके लोक आहेत हे, त्यांचा आधीचा अल्बम द बेंड्स जास्त दणदणीत होता, इथं फक्त इलेक्शनीअरिंगमध्ये गिटार जागी होते. गंमत म्हणजे मला अख्ख्या अल्बममध्ये तेच एक गाणं उपरं वाटतं, एवढं बारीक विणलेलं काम चाललेलं असताना मधेच कुणीतरी प्रचाराचा टेम्पो घुसवतो. यावर आमचा अर्धा तास गेला, निकाल लागला नाही. मात्र एअरबॅगच्या ड्रम्सवर तो पण गप्प झाला. ड्रमर फिल सेलवेनं वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा घेऊन, तुकडे जोडून संगीत करणाऱ्या डीजे शॅडोच्या कामापासून उचल घेऊन, तो कम्प्युटरवर कापून पुन्हा जोडलाय, म्हणून ते माणसाचं वाजवणं पण वाटतं आणि मशीनचं पण.

आणि घरमालक. तो कित्येक वर्षं सकाळच्या पंचवटीनं मुंबईला जातो आणि त्याचं म्हणणं असं की नाशिकरोडला गाडी हलली की प्ले दाबायचं, इगतपुरीच्या आसपास अल्बम संपतो, याच्यापेक्षा चांगला टाइमपास रेल्वेनं दिलेला नाही. त्याचं गाणं लेट डाउन. हे गाणं हवेलीच्या बॉलरूममध्ये पहाटे तीनला रेकॉर्ड केलं होतं, झोप आणि जाग यांच्या मधली अवस्था त्यात आपोआप आलीये, आणि रोज पहाटे उठून गाडीसाठी पळणाऱ्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेवटाकडे यॉर्कचे दोन आवाज एकमेकांवरून जातात तिथं तो म्हणे रोज खिडकीकडे तोंड करतो, शेजारी पत्ते खेळणारी गँग असते ना. हल्ली रील्समुळे हे गाणं एकदम नवीन पोरांपर्यंत गेलंय, त्याला थोडा राग पण आलाय त्याचा, जसं काही त्याची सीट कुणी घेतली.

द टुरिस्टबद्दल एवढंच की ते जॉनीनं रचलंय, शब्द यॉर्कचे, फ्रान्समध्ये घाईघाईनं सगळं उरकणारे पर्यटक बघून सुचलेले. एका दिवसात त्र्यंबक, पंचवटी, मिसळ आणि वायनरी उरकून संध्याकाळी परत निघणाऱ्या गाड्या ज्यांनी शनिवारी-रविवारी बघितल्यात त्यांना हे गाणं लगेच लागू पडेल.

आता सेट घ्यावा का? मूळ अल्बमसाठी तिसरी एलपी असलीच पाहिजे असं नाही. आधी न काढलेल्या तिघांपैकी आय प्रॉमिस साधं सुंदर आहे, मॅन ऑफ वॉर मोठं भव्य, आणि लिफ्ट हे असं गाणं की ते तेव्हा काढलं असतं तर तुफान चाललं असतं, बँडमधल्यांनी पण नंतर तसं बोलून दाखवलंय आणि त्या दडपणापायीच ते मागे राहिलं. ऐकल्यावर मला वाटलं बरं झालं ठेवलं बाजूला, एवढं उघडं गाणं या बारा गाण्यांमध्ये बसलंच नसतं. 2019 मध्ये त्या काळातल्या मिनीडिस्कची (रेकॉर्डिंगच्या छोट्या डिस्क) तासन्‌तासांची रेकॉर्डिंग्ज लीक झाली तेव्हा बँडनंच ती विकायला काढून पैसे पर्यावरणवाल्या आंदोलनाला दिले, पण ती भक्तांसाठी, नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

एलपीचा एक त्रास म्हणजे दर तीन-चार गाण्यांनी उठून बाजू बदला, आणि हा अल्बम सलग ऐकायचा आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे प्लेअर नाही त्यांनी नुसतं या अल्बमसाठी तो खर्च करू नये. साधे बरे वायरवाले हेडफोन घ्या आणि ॲपवर ऐका, फक्त दोन गोष्टी करा. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) बंद ठेवा, शफल तर अजिबात नको. आणि ऑटोप्ले पण बंद, नाहीतर द टुरिस्टच्या शेवटी ती एक टिंग वाजते ना, ती पुरती वाजायच्या आत ॲप तुम्हाला भलत्याच बँडचं गाणं चिकटवतं.