'बोर्ड सर्टिफाइड' म्हणाला तर कुठलं बोर्ड ते विचारा

लायपोसक्शन (चरबी ओढून काढायचं ऑपरेशन) वगैरे करायचं डोक्यात असेल तर हे वाचा आधी. माझ्या पोटाचं लायपोसक्शन ज्याने केलं तो बोगस डॉक्टर नव्हता हां, डिग्री खरी, रजिस्ट्रेशन चालू, भिंतीभर सर्टिफिकेटं. फक्त सर्जरीचं रीतसर शिक्षणच नव्हतं त्याचं! मूळचा साधी प्रॅक्टिस करणारा, वर थोड्या दिवसांचा कोर्स, आणि ज्याच्या जोरावर 'बोर्ड सर्टिफाइड' म्हणवायचा ते 'इंटरनॅशनल बोर्ड' म्हणजे फी भरा नि सर्टिफिकेट घ्या.

मी सरळ विचारलेलं, तुम्ही प्लास्टिक सर्जन ना? तर म्हणे, "मॅडम, प्लास्टिक सर्जन भाजलेले, अपघाताचे पेशंट बघतात, मी फक्त कॉस्मेटिकच करतो, त्यामुळे माझा हात जास्त बसलाय." किती गोड उत्तर! कॉस्मेटिक सर्जरी हा प्लास्टिक सर्जरीच्या ट्रेनिंगचाच भाग असतो हे नंतर कळलं. आणि बऱ्याच देशांत 'कॉस्मेटिक सर्जन' असं कुठल्याही डॉक्टरला लावता येतं, ऑस्ट्रेलियात तर २०२३ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे 'सर्जन' लावण्यावर बंधन आलं. अमेरिकेत 'अमेरिकन बोर्ड ऑफ प्लास्टिक सर्जरी' वेगळं आणि 'अमेरिकन बोर्ड ऑफ कॉस्मेटिक सर्जरी' वेगळं, दुसऱ्याला तिथली बोर्डांची मुख्य संस्था मान्यता देत नाही, पण नावं ऐकून कोणाला फरक कळणार सांगा. आपल्याकडे एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात) बघायचं, आणि ती डिग्री मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर नोंदलेली आहे का ते स्वतः तपासायचं. क्लिनिकच्या वेबसाइटवर नाही, रजिस्टरवर.

ऑपरेशनला भूलतज्ज्ञ नव्हता, गुंगीचं इंजेक्शन यानेच दिलं, ऑपरेशनही यानेच केलं, आणि मला लगेच घरी पाठवलं. लायपोसक्शनच्या आधी चरबीत जे पाणी भरतात त्यात लिडोकेन म्हणजे बधिर करायचं औषध असतं, भरपूर असतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण सगळ्यात वर जातं ते साधारण १२ तासांनी, म्हणजे पेशंट घरी झोपलेला असताना! हे मला कोणी सांगितलंच नाही. रात्रभर तोंडाभोवती मुंग्या, कानात गुणगुण, फोन केला तर रिसेप्शनिस्ट म्हणे नॉर्मल आहे. (ही दोन्ही लिडोकेन जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात, असं झालं तर थेट इमर्जन्सीत जा.) मी वाचले, एवढंच. पुढे पोटाच्या कातडीखाली पाणी साठलं, ते सुईने काढावं लागलं, आणि कातडी ठिकठिकाणी आत ओढली गेलीये ती आजही तशीच आहे.

शेवटी खऱ्या प्लास्टिक सर्जन बाईंकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, हीच सर्जरी त्या डॉक्टरला कुठलं हॉस्पिटल करू देतं? मला कळेना. मग त्यांनी समजावलं की चांगलं हॉस्पिटल डॉक्टरचं ट्रेनिंग तपासून ठरावीक ऑपरेशनांचीच परवानगी देतं, स्वतःच्या क्लिनिकमध्ये मात्र विचारणारं कोणी नसतं. डॉक्टरला हा प्रश्न विचाराच, आणि नाव सांगितलं तर त्या हॉस्पिटलला फोन करून खात्री करा. भूल कोण देणार हेही विचारा, नाव घेऊन. दुरुस्तीसाठी त्यांनी थांबायला सांगितलंय, आतले व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष जातं म्हणे.

तक्रार केली तर उत्तर आलं, डॉक्टर नोंदणीकृत आहेत. ते तर मलाही माहीत होतं.